गेरूचा अंगठा आणि दोन चिपांचं कार्ड

गोरक्षनाथच्या उजव्या अंगठ्याला कायम गेरू असायचा. नखाच्या कडेला, रेषांमध्ये. आता नसतो. तो का नसतो, ते सांगायचं आहे. माझा राग अजून गेलेला नाही. तरी क्रमानं सांगतो.

गोरख माझा मित्र. बदनापूरच्या कॉलेजात आम्ही दोन वर्षं एका बाकावर बसलो. मी पुढं मराठीत एम.ए. केलं आणि त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवू लागलो. त्यानं कॉलेज मधेच सोडलं. जालन्यात, मस्तगडला, रामप्रसादभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसला. दुकान त्याचं नव्हतं. टेबलही नव्हतं. त्याचं होतं ते एवढंच : एक सोल्डर गन, एक जुना टूथब्रश, एक भिंग आणि गेरूची पत्र्याची डबी.

गेरू घरून आला होता. त्याचे वडील धुळाजीकाका मेंढ्या राखतात. कातरणी झाली की प्रत्येक मेंढीच्या पाठीवर ते गेरूचा अंगठा उठवतात. गेरू करडईच्या तेलात कालवलेला. पावसानं जात नाही. मेंढी दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी ओळखू येते.

त्यांचा आणखी एक रिवाज आहे. जनावर विकताना आधी त्याची खोड सांगायची. मारकं आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं, पाण्याला घाबरतं. काय असेल ते. सांगून विकलं तर पुढं तक्रार नाही. न सांगितलेली खोड निघाली तर घेणारा जनावर परत आणतो आणि विकणाऱ्याच्या दारात बांधतो. तो काही बोलत नाही. विकणाऱ्यानंही बोलायचं नसतं. गुमान ठेवून घ्यायचं.

गोरखनं हे सगळं मस्तगडच्या टेबलावर आणलं. दुकानात जुना माल बराच यायचा. लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर. तो प्रत्येक वस्तू तपासायचा आणि एका चिठ्ठीवर लिहायचा. ‘खोड : डावा स्पीकर खरखरतो.’ ‘खोड : बिजागरी सैल, हळू उघडा.’ ‘खोड : बॅटरी एक तास, वर एक मिनिट न्हाई.’ मग चिठ्ठीखाली आणि खोक्यावर गेरूचा अंगठा. ज्या वस्तूत खोड सापडली नाही, तिला अंगठा नाही.

“असं उलटं का?” मी एकदा विचारलं होतं.

“बिनखोडीचं जनावर न्हाई राहत, मास्तर. सापडली न्हाई म्हंजे म्या नीट बघितलं न्हाई.”

मी कॉलेजात शिकवायला लागलो त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणतो. निम्मं कौतुक, निम्मी टिंगल.

हळूहळू भोकरदन, अंबडकडची माणसं दुकानात येऊन विचारू लागली, “गेरूवालं हाये का?” रामप्रसादभाऊ खूश. ते गोरखच्या पाठीवर थाप मारायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, “हा आमचा धन्वंतरी. मशीनची नाडी बघतो.” भाऊ काही बाहेरचे नाहीत. भोकरदनकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. वडिलांच्या हाताला धरून बैलबाजार हिंडलेले. हे मुद्दाम लिहितो. पुढं लागेल.

गेल्या मार्चमध्ये भाऊंनी हैदराबादहून एक लॉट आणला. बारा ग्राफिक्स कार्डं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र काढणारा भाग. गेम खेळणाऱ्यांचा सगळा जीव त्यात असतो. ही कार्डं वेगळी होती. एकाच कार्डावर दोन चिपा. म्हणजे चित्र काढणारे दोन मेंदू. एके काळी फार नावाजलेली, फार महागडी. आता कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातून निघालेली.

भाऊंनी मला फोन केला. “सर, तुमची भाषा चांगली. फ्लेक्ससाठी दोन ओळी द्या. एका कार्डात दोन चिपा हायेत आणि बारा जीबी मेमरी. पोरं उड्या मारत आली पायजेत.”

मी कार्ड पाहिलं नव्हतं. मी गेमही खेळत नाही. मी पाच मिनिटांत लिहून दिलं : ‘दोन मेंदू, एक कार्ड. बारा जीबीची ताकद. गेम थांबणार नाही, तुम्हीच थांबाल!’

मला ती ओळ आवडली होती. खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी मी तास संपवून जालन्याला गेलो. फ्लेक्स लागला होता. माझी ओळ हातभर अक्षरांत. आत गोरख एका कार्डापुढं बसला होता. कार्ड केवढं! कोपरापासून बोटांपर्यंत. तीन पंखे. हातात घेतलं तर वीट.

“हे बाहेर कुणी लिव्हलं?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“मी.”

“कार्ड बघितलं व्हतं?”

“नाही.”

“मंग?”

“भाऊंनी सांगितलं तसं.”

त्यानं खुर्ची सरकवली. मला शेजारी बसवलं. गेम चालू केला. पडद्यावर एक माणूस भिंतीच्या कडेनं पळत होता. वरच्या कोपऱ्यात आकडा होता. सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा.

“चौऱ्याण्णव,” मी म्हणालो. “भारी आहे की.”

“आकड्याकडं नको बघू. भिंतीकडं बघ.”

मी भिंतीकडं पाहिलं. भिंत सरकत होती. पण सरळ नाही. बारीक बारीक झटके. चालताना चपलेत खडा असावा तशी.

“अडखळतंय,” मी म्हणालो.

“बराबर. एक चित्र ही चिप काढती, पुढचं ती काढती. पहिलीचं जल्दी येतं, दुसरीचं मागून येतं. मोजणी दोन्हीची व्हती. आकडा मोठा दिसतो. पण डोळ्याला चाल लागत न्हाई.” मग त्यानं दुसरा, नवा गेम लावला. कार्डाच्या दोन बाजूंना माझी बोटं ठेवली. एक बाजू भाजत होती. दुसरी कोमट. “आता दुसरी नुसती बसून हाये. नव्या गेमांना तिचं कामच न्हाई. गेम बनवणारे इचारतच न्हाईत तिला. कंपनीनं बी तिचं सॉफ्टवेअर बनवणं बंद केलंय.”

“आणि बारा जीबी?”

“सहा हिची, सहा तिची. दोघींकडं तेच सामान. एकाच घरात दोन कपाटं अन् दोन्हींत तेच कपडे. वापरायला सहाच.”

“म्हणजे कार्ड भंगार?”

तो चिडला. “कोण म्हणलं भंगार? जुने चार गेम हायेत, त्यांना हे सोनं हाये. आता बी पळवून दाखवतो. ज्याला तेच खेळायचंय त्यानं खुशाल घ्यावं. अट एकच. घरचा पॉवर सप्लाय दमदार पायजे अन् एप्रिलात कूलर शेजारी पायजे. पण नवे गेम खेळायला हे कार्ड घेणारा फसला. त्याच्यापरीस एका चिपेचं जुनं कार्ड बरं.”

त्यानं चिठ्ठी लिहिली. पाच ओळींची. त्याच्या टेबलावर इतकी लांब चिठ्ठी मी कधी पाहिली नव्हती. शेवटची ओळ होती : ‘खोड : नव्या गेमला अर्धंच कार्ड चालतं.’

रामप्रसादभाऊंनी ती वाचली. हसले. “गोरख, एक बैल बरा का जोडी बरी?”

“जोडी जुवाखाली असली तर बरी, भाऊ. हितं दुसरा बैल गोठ्यात बसून वैरण खाऊन राह्यलाय.”

दुकानातली दोघं-तिघं हसली. भाऊ हसायचे थांबले.

“एवढं लिहिलं तर कोण घेईल?”

“ज्याला परवडंल तो घेईल. जुने गेम खेळणारा घेईल.”

“असे जालन्यात किती?”

“हे लॉट आणायच्या आधी इचारायचं.”

भाऊंनी चिठ्ठीची घडी घातली आणि गल्ल्यात टाकली. “बघू,” म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. गल्ल्यातून चिठ्ठ्या बाहेर येत नाहीत.

आठवड्यानं गोरख गावी गेला. मेंढ्यांची कातरणी होती. दरवर्षी तो पाच दिवस जातो. धुळाजीकाकांचे गुडघे गेलेत. जाताना डबी टेबलाच्या खणात ठेवून गेला नाही. डबी घरचीच, कातरणीला लागते.

त्या पाच दिवसांत चार कार्डं विकली गेली. त्यातलं एक माझ्या डोळ्यांदेखत.

पुंजाराम म्हणून राजूरचे एक शेतकरी आले होते. बरोबर मुलगी, तृप्ती. ती जालन्यात डिप्लोमा करते. कॉलेजच्या गेमिंगच्या टीममध्ये होती. पाच जणांची टीम, त्यात ती एकटी मुलगी. कॉलेजांची आपापसांत स्पर्धा असते आणि प्रत्येकानं आपापल्या घरून, आपल्या मशीनवर खेळायचं असतं. निवडीची फेरी दोन दिवसांवर आली होती. तिचं जुनं कार्ड दम टाकत होतं.

पुंजारामांना गेममधलं काही कळत नव्हतं. ते लपवतही नव्हते. “हिला इचारा. मला एवढंच सांगा, गेरू हाये का?”

“हे काय,” भाऊंनी खोकं फिरवलं. कोपऱ्यात लाल अंगठा होता.

“अन् खोडीची चिठ्ठी?”

“खोडच न्हाई तर चिठ्ठी कशाची?”

मी तिथंच उभा होतो. खोड नसेल तर गोरख अंगठा उठवत नाही, हे मला माहीत होतं. मी भाऊंकडं पाहिलं. ते मला म्हणाले, “सर, गोरखनं जाण्याआधी सेटिंग केल्ती. आता बराबर चालू राह्यलंय.”

मला ते खरं वाटलं. वाटून घ्यायचं होतं. बाहेर माझी ओळ लटकत होती. कार्ड चांगलं निघालं तर ओळही खरी निघणार होती.

तृप्तीनं मला विचारलं, “सर, नव्या गेमला अटकणार नाही ना?”

“गोरखचा अंगठा आहे,” मी म्हणालो.

हे मी बोललो. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं.

गोरख परत आला तेव्हा त्याच्या हाताला कातरीचे फोड होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुंजाराम आणि तृप्ती दुकानात आले. मला सुट्टी होती, मी टेबलाशी बसलो होतो. पुंजारामांनी उपरण्यात बांधलेलं खोकं टेबलावर ठेवलं. गाठ सोडली.

तृप्ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नीट, सावकाश सांगितलं. निवडीची फेरी झाली. नेम धरताना चित्र अडखळत होतं. पोरं म्हणाली, हिचा हात हलतो. तिला राखीव खेळाडूंत टाकलं.

“माझा हात नाही हलत, गोरखदादा,” ती म्हणाली. “मी मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं त्यांना. ते म्हणले, मुलींचं असंच राहतं, मशीनवर ढकलतात.”

“कार्ड कोणतं व्हतं?”

“हे कार्ड. तुमचा गेरू बघून घेतलं.”

गोरखनं खोकं हातात घेतलं. अंगठ्याचा ठसा पाहिला. मग आपल्या अंगठ्याला जीभ लावली आणि ठशावर फिरवला.

ठसा निघाला. पुठ्ठ्यावर नुसतं तांबडं पाणी राहिलं.

“पाण्यातला हाये,” तो म्हणाला. “कुंड्या रंगवायचा.”

इतकं सोपं होतं. किराणा दुकानातून पुडी आणायची. पाण्यात कालवायची. कुणाचा तरी अंगठा टेकवायचा. एका माणसाची चार वर्षांची नजर, त्यानं हजार वस्तूंत शोधलेल्या हजार खोडी, हे सगळं एका पुडीत आलं.

गोरख उठला. खोकं घेऊन गल्ल्यापाशी गेला. आवाज चढवला नाही. त्याला चढवता येत नाही.

“भाऊ, ह्यो अंगठा कुणाचा?”

रामप्रसादभाऊ फोनवर होते. फोन ठेवला. एक क्षण वाटलं, माफी मागतील. “अरे, तू नव्हता. गिऱ्हाईक उभं होतं. एक ठसा उठवला तर काय आभाळ कोसळलं? खोक्यावर बारा जीबी मी छापलं का? कंपनीनं छापलं. इतक्या मोठ्या कंपन्या लोकांना शेंड्या लावतात, त्यांना जाऊन विचार. मला काहून विचारतो?”

“कंपनीला आपला बाजार माहीत न्हाई,” गोरख म्हणाला. “तुम्हाला माहीत हाये.”

त्यानं खोकं भाऊंच्या आणखी पुढ्यात सरकवलं.

“तुमच्या वडलांनी बैल इकले असतील. खोड न सांगता इकला असंल एखादा तर सांगा. म्या आत्ता गप बसतो.”

भाऊंचा चेहरा लाल झाला. बापाचं नाव निघालं की आपल्याकडं प्रत्येकाचा होतो. “विकलेला माल परत न्हाई. पाटी वाच. आणि दुकान माझं, टेबल माझं. तुझा गेरू माझ्याच छताखाली मोठा झाला.”

“टेबल ठिवा,” गोरख म्हणाला.

त्यानं खोकं पुंजारामांच्या हातात दिलं, सोल्डर गन गुंडाळली. ब्रश, भिंग, डबी खिशात. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुकानातल्या एकानंही त्याला थांबवलं नाही. एकजण तर म्हणाला, “मालकाशी असं बोलावं का?” ज्याच्या लॅपटॉपमध्ये गोरखनं मागच्याच महिन्यात नवी बिजागरी बसवली होती, तोच. मला त्याला धरून विचारायचं होतं, मालक कशाचा? पण मी कुठल्या तोंडानं विचारणार होतो?

बाहेर आल्यावर फ्लेक्सखाली गोरख थांबला. वर पाहिलं. मग माझ्याकडं.

“तुही खोड काय हाये, माहिती का?”

त्यानं वर माझ्या ओळीकडं बोट केलं.

“तू न बघता लिव्हतो.”

एवढंच. शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो.

पुढचे तीन दिवस तो कार्ड घेतलेल्या चारही गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आला. मी बरोबर गेलो. त्यानं बोलावलं नव्हतं. मोटारसायकल माझी होती, म्हणून नको म्हणाला नाही. प्रत्येक घरी एकच काम. मशीन उघडायचं. गेम लावायचा. घरच्या मोठ्या माणसाला बोलावून शेजारी बसवायचं. “भिंतीकडं बघा,” म्हणायचं. मग पाचही खोडी सांगायच्या. सेटिंगमध्ये जाऊन एक चिप बंद करायची, म्हणजे निदान चाल सरळ होईल. शेवटी खोक्यावरचा ठसा ओल्या फडक्यानं पुसायचा.

“ह्यो माझा न्हाई. म्या असता तर हे सांगूनच दिलं असतं.”

चौघांतला एक राधेश्याम. बदनापूरचा लाइनमन. खांबावर चढून चढून दंड दगडासारखे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जुन्या गाड्यांच्या रेसला चालतंय ना?”

“त्याला तर लई भारी.”

“मंग चिप काहून बंद करतो? मला दुसरं खेळायचंच न्हाई. करा ती चिप चालू. रात्रीची लाइट गेल्यावर लोक मला फोन करून शिव्या देतात. मी सुट्टीच्या दिशी ह्या गाडीत बसतो अन् कुणाचंच ऐकत न्हाई.”

गोरख हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. त्यानं दुसरी चिप चालू केली, रेस लावली. गाडी खरंच लोण्यासारखी पळाली. म्हणजे पाहा. कार्डात पाप नव्हतं. सांगून विकलं असतं तर राधेश्यामनं घेतलंच असतं. त्याच्यासारखे आणखी सापडले असते. सावकाश, पण सापडले असते. लपवायची गरजच नव्हती. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

उरलेल्या दोघांना पुंजारामांनी बरोबर घेतलं. सोमवारी, दुकान भरलेलं असताना, तिघंही मस्तगडला गेले. मी आणि गोरख समोरच्या पानटपरीपाशी उभे होतो. त्यानं आत जायला नकार दिला. तिघांनी एकामागून एक आपापलं खोकं गल्ल्यासमोर ठेवलं. पुंजारामांनी खिशातून सुतळी काढली. खोक्यांना एकत्र आवळली आणि तिचं टोक गल्ल्याच्या कडीला बांधलं. कोणी काही बोललं नाही. तिघं तसेच उभे राहिले.

दुकानात गावाकडची माणसं होती. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सुतळी पाहिली आणि तीही गप्प झाली. एक म्हातारा हातातला माऊस परत मांडणीवर ठेवून बाजूला झाला.

रामप्रसादभाऊंनी सुतळीकडं पाहिलं. माणसांकडं पाहिलं. पाटीकडं बोट दाखवायला हात उचलला आणि खाली घेतला. मग तिघांना पैसे परत केले. तेही एक शब्द न बोलता.

इथं गोष्ट संपली असती तर मी ही लिहिली नसती.

पंधरा दिवसांनी मला फोनवर एक जाहिरात दिसली. जुन्या मालाच्या साइटवर. तीच कार्डं. फोटोत तोच गल्ला. मजकूर माझा. ‘दोन मेंदू, एक कार्ड.’ खाली लिहिलं होतं, कुरिअरनं कुठंही पाठवू. जिथं गेरू कुणाला माहीत नाही, दारात सुतळी बांधायला कुणी येणार नाही, तिथं.

मी दुकानात गेलो. ओळ काढा म्हणालो. फ्लेक्सवरून, जाहिरातीतून.

“काढू ना,” भाऊ म्हणाले. “पण सर, ओळ चांगलीये. माल चालू राह्यलाय तिच्यावर. तुम्हाला काही मानधन पायजे का?”

मला लिहिता येतं याची मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी साइटवर तक्रार केली. उत्तर आलं नाही. मग जाहिरातीच्या खाली, जिथं प्रश्न विचारतात तिथं, मी गोरखच्या पाच ओळी जशाच्या तशा टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्या काढून टाकलेल्या होत्या. पुन्हा टाकल्या. अजून रोज टाकतो. भाऊ रोज काढतात. फ्लेक्स अजून तिथंच आहे. उन्हानं ‘मेंदू’ फिका पडलाय.

तृप्तीची जागा गेली ती गेलीच. कॉलेजनं फेरी पुन्हा घेतली नाही. कार्डात खोड होती, तिच्या हातात नव्हती, हे गोरखनं तिच्या सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, “ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू.” आपल्याकडं पुढचं वर्ष फार स्वस्त आहे.

आता गोरख बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. चिठ्ठ्या तशाच लिहितो. अंगठा उठवत नाही. अंबडचा एक माणूस आला होता. त्यानं जुन्या एका मॉनिटरवरचा गोरखचा खरा ठसा थुंकी लावून घासून पाहिला. गोरखसमोर. ठसा गेला नाही. माणूस समाधानानं मान डोलवून गेला. त्या दिवशी गोरखनं डबीचं झाकण लावलं ते लावलंच.

“मेंढीला न्हाई कळत कुणी तिचा अंगठा घासून बघितला तर,” तो म्हणाला. “मला कळतं.”

गेल्या रविवारी पुंजाराम आणि तृप्ती शेडवर आले. तिला कार्ड हवंच होतं. पुढच्या वर्षासाठी. गोरखनं तिच्यासाठी एक शोधून ठेवलं होतं. एकाच चिपेचं, जुनं, ठेंगणं. त्यानं ते मशीनला लावलं. तृप्ती भिंतीकडं पाहत बसली. आकड्याकडं तिनं पाहिलंच नाही. भिंत सरळ सरकत होती.

गोरखनं चिठ्ठी तिच्या हातात दिली. “मोठ्यानं वाच.”

तिनं वाचलं. “खोड एक. डावा पंखा आवाज करतो. दोन. उन्हाळ्यात दुपारी तापतं. तीन. नवे गेम चालतात, पण चित्र मध्यम ठेवावं लागतं.”

“अजून?” पुंजाराम म्हणाले.

“एवढ्या सापडल्या.”

पुंजारामांनी चिठ्ठी घेतली. खालची मोकळी जागा पाहिली. “अंगठा?”

गोरखनं मान हलवली. न्हाई.

“डबी कुठंय?”

“हाये खणात. काहून?”

“काढ.”

गोरखनं काढली. पुंजारामांनी झाकण उघडलं, अंगठा बुडवला आणि चिठ्ठीखाली स्वतःच उठवला.

“आबा, तुम्हाला सही येते की,” तृप्ती हसली.

“सही बँकेला. मी खोडी ऐकल्या, त्याचा ह्यो अंगठा. इकणाऱ्याचा खोटा उठवता येतो. घेणाऱ्याचा कोण उठवणार?”

मग त्यांनी डबी माझ्यापुढं धरली. “मास्तर, तुम्ही बी ऐकलं ना? साक्षीला.”

मी गोरखकडं पाहिलं. तो पंख्यातली धूळ ब्रशनं काढत होता. माझ्याकडं बघेना. मी डबी हातात घेतली नाही. आधी उठलो, त्याच्या शेजारी बसलो, कार्डाच्या डाव्या पंख्याला कान लावला. पंखा खरंच आवाज करत होता. बारीक, खर्र खर्र. वरच्या पत्र्यावर हात ठेवला. तापला होता. मग पडद्यावरच्या भिंतीकडं बराच वेळ पाहिलं.

त्यानंतर अंगठा बुडवला.

“आत्ता कुठं,” गोरख म्हणाला.

करडईच्या तेलातला गेरू. चार दिवस झाले, साबणानं निघालेला नाही.